घासण्याआधी तपासा: जुन्या ऑइलपेंटमधलं शिसं रंग बदलणाऱ्या काडीने कसं ओळखायचं

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्न निघालं की जुनं घर रंगवायला निघतं. पेंटर पहिल्याच दिवशी पत्री आणि पॉलिश पेपर घेऊन दारं-खिडक्या घासायला बसतो आणि घरभर धूळ होते. त्या जुन्या रंगात शिसं असेल तर सगळ्यात वाईट तीच धूळ. लाकडाला घट्ट धरून बसलेला रंग सहसा कोणाच्या वाट्याला जात नाही. तो घासला, जाळला किंवा त्याचे पोपडे गळू लागले की शिसं फरशीवर, हातांवर आणि रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जातं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याने धक्का बसतो, आणि रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून तपासणी पेंटर येण्याच्या आधीच्या आठवड्यात उरका. धूळ उडाल्यावर काडी (संचात मिळणारी, रंगावर घासली की शिसं असल्यास रंग बदलणारी तपासणीची काडी) लावून काही साधत नाही.

पुढची माहिती धुळे, जळगाव, नंदुरबार भागातल्या घरांना धरून लिहिली आहे: सागाच्या चौकटींचे जुने वाडे, चुना मारलेली धाब्याची घरं, लोखंडी जाळ्यांच्या बैठ्या चाळी, जुने क्वार्टर. या घरांत काडी कुठे खरं बोलते आणि कुठे फसवते हे माहीत नसेल तर पैसे वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे खोटा दिलासा मिळतो.

## १. काडी काय सांगते, काय सांगत नाही

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची कमाल मर्यादा ९० पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. हे नियम २०१६ साली अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. काडीच्या संचांचं मोजमाप मात्र अमेरिकेतल्या जुन्या घरांवरून ठरलेलं आहे. तिथे ०.५ टक्के, म्हणजे ५,००० पीपीएम शिसं असलं तर तो रंग 'शिशाचा' धरतात. ९० आणि ५,००० यांत पन्नास पटींहून जास्त अंतर आहे.

याचा सरळ अर्थ: काडी गुलाबी झाली तर रंगात शिसं चांगलंच आहे असं धरून चाला. काडी गुलाबी झाली नाही तर 'भरपूर शिसं सापडलं नाही', एवढंच म्हणता येतं. 'हा रंग ९० पीपीएमच्या आत आहे' असं कोणतीही काडी सांगू शकत नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा संचांना दोन कसोट्या लावल्या होत्या: शिसं असताना 'नाही' म्हणण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत हवं, आणि मर्यादेच्या खाली असताना 'आहे' म्हणण्याचं १० टक्क्यांच्या आत. दोन्ही कसोट्या एकत्र पार करणारा संच त्यांना मिळाला नाही.

खेळण्यांच्या बाबतीत तर काडीवर विसंबूच नका. २००७ साली अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बाजारातले संच तपासले, तेव्हा १०४ निकालांपैकी ५६ वेळा शिसं असूनही संच गप्प राहिले. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेतल्या बिनचिन्हाच्या रंगीत खेळण्यासाठी काड्या खर्च करण्यापेक्षा ते मुलाच्या हातात न दिलेलं बरं.

## २. घराची यादी करा

पूर्ण घर 'एकच रंग' नसतं. चौकट एका काळातली, दाराची फळी दुसऱ्या काळातली, जाळी नंतर बसवलेली. त्यामुळे खोलीऐवजी भाग धरून यादी करा: चौकट, फळी, खिडकीचं लाकूड, गज, जिन्याचा कठडा, भिंतीचा खालचा ऑइलपेंटचा पट्टा, माळ्याचं लाकूड, पाळणा, झोपाळा, लोखंडी पेटी, गोठ्याचं फाटक.

जिथे रंग घासला जातो त्या जागा आधी घ्या. खिडकीचा उंबरठा, दार चौकटीला घासतं ती कड, ओढायचे कप्पे, झोपाळ्याच्या कड्यांजवळची जागा. इथे रोज थोडी थोडी भुकटी पडत असते. लहान मूल उभं राहून जिथे दात लावतं ती कड यादीत सगळ्यात वर.

सोबत हे कागद असतील तर काढून ठेवा:

- घराच्या वयाचा अंदाज देणारा कागद: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जुनं खरेदीखत किंवा घरपट्टीची जुनी पावती
- मागच्या रंगकामाची बिलं, असतील तर
- माळ्यावर पडलेले रंगाचे जुने डबे आणि त्यांच्या लेबलांचे फोटो

डबे जरूर शोधा. वरचा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. ट्रॉली किंवा अवजारं रंगवायला आणलेला औद्योगिक रंग उरला म्हणून तोच खिडकीच्या गजांना मारला, हे गावाकडे सर्रास चालतं. तेव्हा २०१७ नंतर रंगवलेलं घरही आपोआप सुटत नाही.

रंगाच्या छटेवरूनही अंदाज येतो. जुन्या पांढऱ्या रंगांत आणि पुट्टीत शिशाचा सफेदा असायचा. झगझगीत पिवळा, नारिंगी आणि काही हिरवे रंग लेड क्रोमेटपासून बनत. लोखंडावरचा शेंदरी प्रायमर रेड लेडचा असू शकतो, म्हणजे शेंदूर ज्या संयुगाचा तेच. याउलट विटकरी-तपकिरी प्रायमर बहुधा रेड ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडाचा. दोन्हींना 'लाल प्रायमर'च म्हणतात, म्हणून पेंटरला विचारून उपयोग नाही. खरवडून छटा बघा.

## ३. लागणारं सामान

- काड्या: यादीतल्या प्रत्येक भागाला एक, आणि वर किमान चार जास्तीच्या
- संचासोबतचं पडताळणी कार्ड (ज्यावर शिशाचा ठिपका असतो). ते नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडची ६०/४० सोल्डर वायर. 'लेड-फ्री' लिहिलेली नको
- कटर आणि नवी पाती
- साध्या कापूसकाड्या
- डिस्टिल्ड वॉटरची सीलबंद बाटली
- पांढरं व्हिनेगर, संचाच्या पत्रकात सांगितलं असेल तरच
- नायट्राइलचे हातमोजे, एन९५ मास्क, चष्मा
- जाड प्लास्टिक, मास्किंग टेप, झिप पिशव्या, मार्कर
- ओल्या पुसण्या किंवा टाकून देता येतील अशी फडकी

नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं पाणी जड आणि क्षारयुक्त, तर काडीतलं रसायन आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतं. गॅरेजमधल्या उघड्या कॅनमधलं 'बॅटरीचं पाणी' तर अजिबात नको. बॅटरीच्या दुकानात शिशाची धूळ असते, आणि मग तुमची काडी दुकानाची तपासणी करते.

व्हिनेगर घ्यायचं ते पांढरंच. तपकिरी व्हिनेगर काडीचा मूळ रंगच बदलून टाकतं.

काड्या शक्यतो एप्रिल-मेमध्ये मागवू नका. जळगाव-भुसावळ पट्ट्यात तेव्हा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि कुरिअरच्या गाडीत त्याहून जास्त तापतं. मागवावंच लागलं तर पार्सल आल्याबरोबर एक काडी पडताळणी कार्डावर खर्च करा. ठेवायचं घरातल्या थंड, कोरड्या जागी, मूळ पाकिटात. पत्र्याच्या खोलीत नको.

## ४. तुमचा संच कोणत्या जातीचा आहे

रोडिझोनेटचा: पिवळट-नारिंगी काडी, शिसं लागलं की गुलाबी ते लाल. बंदुकीच्या गोळीच्या छिद्राभोवती शिशाचे कण शोधायला न्यायवैद्यक प्रयोगशाळाही हेच रसायन वापरतात. याचे दोन प्रकार मिळतात: नळीच्या आत कुप्या असलेली काडी, आणि पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवायची काडी.

सल्फाइडचा: थेंब टाकायचा, शिसं असेल तर करडा ते काळा डाग पडतो. याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. त्यात आम्ल मिसळलं तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. म्हणून संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबू यांपासून तो लांब ठेवायचा आणि खिडक्या उघड्या ठेवूनच वापरायचा. गंज, तांबं आणि काही गडद रंगद्रव्यंही त्याने काळी पडतात. गडद रंगावर काळा डाग दिसणार तरी कसा, हा प्रश्न वेगळाच.

नवख्यांनी पहिला घ्यावा. पुढच्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

## ५. जागा साफ करा, पण सोड्याने नाही

चुलीचा धूर, काळ्या मातीची धूळ, तेलकट हात यांचा थर आधी काढायचा. साधा साबण, ओलं फडकं, मग डिस्टिल्ड वॉटरने एक पुसणी आणि पूर्ण वाळवणं. धुण्याचा सोडा वापरू नका. त्याचा क्षार मागे राहून काडीतलं आम्ल मारतो.

चुन्याचंही तेच. धाब्याच्या घरांत ऑइलपेंटच्या पट्ट्यावर पुढे वर्षानुवर्षं चुना चढलेला असतो. ओल्या फडक्याने तो चुना पुसून खालचा रंग उघडा पाडा. नीळ घातलेला चुना असेल तर ती फडक्याला लागायची थांबेपर्यंत पुसा.

खाली प्लास्टिक अंथरून कडा टेपने चिकटवा. पंखा बंद. मुलं आणि गरोदर बाई दुसऱ्या खोलीत.

## ६. चीर पाडणं: खरी तपासणी इथे आहे

सगळ्यात जास्त निकाल इथे चुकतात. लोक वरच्या नव्या रंगावर काडी फिरवतात, ती पिवळीच राहते, आणि घर 'पास' होतं. वरचा थर पाच वर्षांपूर्वीचा. शिसं असेल तर ते खाली, चौथ्या-पाचव्या थरात किंवा लाकडाला लागून असलेल्या प्रायमरमध्ये.

न दिसणारी जागा निवडा: बिजागरीच्या मागे, चौकटीच्या खालच्या टोकाला. कटरचं पातं उभं न धरता तिरकं धरा आणि ६ ते ८ मिलिमीटर लांबीची, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच पाडा. तिरप्या कापामुळे प्रत्येक थराची रुंद कड उघडी पडते. केळीचा खांब कापल्यावर एकात एक पापुद्रे दिसतात, तसे रंगाचे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. टॉर्च मारून मोजा आणि फोटो घ्या. खाली कोरं लाकूड दिसेपर्यंत कापायचं, पण लाकडात खोल जायचं नाही. लाकडाचा भुसा काडीचा द्रव पिऊन टाकतो.

लोखंडावर धातू चमकेपर्यंत. भिंतीवर मात्र गिलावा लागताच थांबायचं. जिप्सम किंवा पीओपीमधलं सल्फेट शिशाला धरून ठेवतं, मग गुलाबी रंग उशिरा येतो किंवा येतच नाही. भिंतीच्या चिरेतली पांढरी पूड कोरड्या कापूसकाडीने हलकेच उचलून घ्या आणि मगच तपासा.

दर चिरेला पातं पुसा, नाहीतर नवं लावा. चौकटीचं शिसं पात्यावरून फळीवर गेलं की फळीही 'दोषी' ठरते.

## ७. काडी फिरवा

आधी एक साधी कापूसकाडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये (तुमचा संच व्हिनेगरचा असेल तर व्हिनेगरमध्ये) भिजवून चिरेवर १५-२० सेकंद घासा. ती लाल-गुलाबी झाली तर रंगच सुटतोय. मरून ऑइलपेंट, रेड ऑक्साइड आणि लाखकाम केलेले पाळणे यांत हे हमखास होतं. अशा जागी काडीच्या गुलाबीपणाला अर्थ उरत नाही. ती जागा थेट प्रयोगशाळेच्या यादीत टाका.

रंग सुटत नसेल तर:

कुप्यांची काडी: नळीवरच्या दोन्ही खुणा क्रमाने दाबून आतल्या काचेच्या कुप्या फोडा, दोन-तीनदा हलवा आणि टोकाशी पिवळा द्रव येईपर्यंत हळू दाबा. बोटात काच घुसायला नको म्हणून पकडीने दाबलेलं चांगलं.

बुडवायची काडी: पत्रकात सांगितलेल्या द्रवाचे थेंब झाकणात घेऊन टोक ओलं करा आणि जास्तीचा द्रव झटका. बाटलीत थेट बुडवू नका. एका वापरलेल्या काडीने पूर्ण बाटली खराब होते.

आता टोक चिरेत ठेवून ३० सेकंद घासा. घड्याळ लावून ३०; मनातल्या मनात मोजलेले तीस सेकंद बारा-पंधराच भरतात. काडी पूर्ण वेळ ओली राहायला हवी. आपल्या कोरड्या हवेत टोक लवकर सुकतं, म्हणून कुप्यांच्या काडीला मधून मधून हलका दाब देत राहा. एकदा भिजलेलं रोडिझोनेट फार वेळ टिकत नाही. काडी तयार करून मग चीर पाडायला घेतलीत तर ती वाया गेली.

एक काडी, एक चीर. पैसे वाचवायला एकच काडी तीन ठिकाणी फिरवली तर निकाल कुठला हे कळत नाही.

## ८. निकाल वाचा, आणि 'नाही'ची उलटतपासणी करा

काडीचं टोक आणि चीर, दोन्ही बघा. कधी टोक पिवळंच राहतं आणि चिरेत एका थराच्या कडेवर गुलाबी रेघ उमटते. तेही 'आहे'च. उलट त्या रेघेवरून शिसं नेमक्या कोणत्या थरात आहे हे समजतं, म्हणून भिंगातून बघून फोटो घ्या. फोटो दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली फिका गुलाबी दिसत नाही.

फिका गुलाबी म्हणजे कमी शिसं आणि गडद लाल म्हणजे जास्त, असं समजू नका. काप किती उघडा होता, काडी किती ओली होती, शिशाचं संयुग कोणतं, यावर छटा ठरते.

काडी पिवळीच राहिली तर तीच काडी लगेच पडताळणी कार्डाच्या ठिपक्यावर, नाहीतर पात्याने खरवडून चमकवलेल्या सोल्डर वायरवर घासा.

- तिथे गुलाबी झाली: काडी जिवंत होती, तुमचं 'नाही' ग्राह्य.
- तिथेही पिवळीच: काडी मेलेली होती, किंवा चुना-जिप्समने तिचं काम बिघडवलं. हा निकाल 'नाही' नव्हे, रद्द. जागा पुन्हा साफ करून नवी काडी घ्या.

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. पडताळणी न केलेलं 'नाही' वहीत लिहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिवळ्या आणि नारिंगी थरांसाठी घाई नको. लेड क्रोमेट सावकाश विरघळतं आणि तीस सेकंदांत काही दिसत नाही. घासून झाल्यावर चीर तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा; काडी पडताळणीत वापरून झालेली असते, म्हणून चीरच बघायची.

वहीत एका ओळीत नोंद करा: तारीख, भाग, थर किती, थरांचे रंग, काडीचा निकाल, पडताळणी झाली का, फोटो क्रमांक. उदाहरणार्थ: 'पुढची खिडकी, डावी चौकट, ५ थर, वरून हिरवा-हिरवा-पांढरा-निळा-पांढरा, गुलाबी, सगळ्यात खालच्या पांढऱ्यात.' पेंटरला नेमकं एवढंच दाखवायचं असतं.

## ९. काडी फसते त्या जागा

गॅल्वनाइज्ड पत्रा आणि पाइप: जस्ताच्या मुलाम्यात पूर्वीपासून थोडं शिसं येतं. चीर धातूपर्यंत गेली तर ते शिसं रंगातलं की मुलाम्यातलं, सांगता येत नाही.

पितळी कड्या, मुठी: कातकाम सोपं व्हावं म्हणून पितळेत दोन-तीन टक्के शिसं घालतात. इथे 'आहे' आलं तर ते पितळेचंही असू शकतं.

पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर: काडी म्हणेल शिसं नाही. पण त्यातलं क्रोमियम घासताना फुप्फुसात जाणं शिशाइतकंच टाळायला हवं. काडी फक्त शिसं विचारते, हे विसरू नका.

शेंदूर लावलेल्या मूर्ती, दगड: शेंदरात लाल शिसं असतं आणि काडी लगेच लाल होते. शेजारचा खांब किंवा चौकट तपासायची असेल तर आधी हात आणि पृष्ठभाग धुवा, नाहीतर शेंदराचा निकाल खांबाच्या नावावर चढतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवलेली जागा, तिथला खांब, तिथली दावण यांचंही तसंच.

## १०. 'आहे' आलं तर

कोरडं घासणं, ग्राइंडर आणि ब्लो लॅम्प तिन्ही बंद. पेंटर ब्लो लॅम्पने रंग जाळून काढायला उत्सुक असतो, कारण काम भराभर होतं. शिशाचा धूर त्याच्याच छातीत जातो हे त्याला समजावून सांगा.

रंग घट्ट असेल आणि कुठे घासला जात नसेल तर तो काढूच नका. ओल्या फडक्याने पुसून, वर प्रायमर आणि नवा रंग. नवा डबा घेताना शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याचं लेबल वाचा.

पोपडे सुटले असतील तर पाणी फवारत, ओलं ठेवून पत्रीने काढायचे, खाली प्लास्टिक अंथरून. घासणारी दारं बिजागरीवरून उतरवून अंगणाबाहेर, वाऱ्याच्या आड काम करा. झाडूने झाडायचं नाही. ओल्या पुसण्याने पुसायचं. साध्या व्हॅक्युम क्लीनरने बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. कामाचे कपडे वेगळे धुवा.

निघालेले पोपडे आणि फडकी दुहेरी पिशवीत बांधा. आणि रंगवलेलं जुनं लाकूड बंबात, चुलीत किंवा होळीत घालू नका. जुनी चौकट निघाली की ती बंबाच्या सरपणात जाणं हे आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की वेगळं सांगावं लागतं: जाळल्यावर शिसं राखेत आणि धुरात राहतं, आणि बंबाची राख भांडी घासायला किंवा परसबागेत जाते.

गोठ्याकडेही लक्ष असू द्या. गुरांना चाटायची सवय असते आणि शिशाच्या रंगाचे पोपडे चाटून गुरं दगावतात. गव्हाणीच्या वर रंगवलेलं लाकूड सुटत असेल तर तपासणीची वाट न बघता गव्हाण झाका.

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल आणि घासायच्या जागी 'आहे' आलं असेल, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी विचारा. बाहेरून बघून लक्षणं ओळखता येत नाहीत.

## ११. प्रयोगशाळेत कधी आणि कसं पाठवायचं

पाळणा, शाळा-अंगणवाडीची दारं, रंग सुटणारे लाल थर, रद्द झालेले निकाल, आणि ९० पीपीएमचा आकडाच हवा असेल, तर प्रयोगशाळा. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा शोधता येतात. फोनवर तीन गोष्टी विचारा. 'रंगातलं एकूण शिसं' ही तपासणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का. नमुना किती ग्रॅम हवा. आणि निकाल किती पीपीएमपर्यंत खाली मोजतात. उत्तर ९० च्या वर असेल तर ती प्रयोगशाळा तुमच्या कामाची नाही.

नमुना घेताना सगळे थर घ्या, पण खालचं लाकूड किंवा गिलावा नको. लाकूड मिसळलं की वजन वाढतं आणि पीपीएमचा आकडा खोटा उतरतो. कागदाचं पन्हाळं करून ते टेपने खाली चिकटवा, पत्रीने पोपडा त्यात उतरवा, झिप पिशवीत भरून मार्करने भाग आणि तारीख लिहा. एका पिशवीत एकच भाग. ज्या चिरेवर काडी फिरवली तिथला नमुना घेऊ नका, शेजारची कोरी जागा घ्या, आणि उघड्या राहिलेल्या दोन्ही जागांवर त्याच दिवशी पुट्टी भरून रंगाचा हात मारा.